गावाचं नाव कोण लिहितं?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)





या व्यासपीठावर दरवर्षी प्राध्यापक, डॉक्टर, कीर्तनकार बोलतात. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला माणूस. गेली वीस-बावीस वर्षं राज्य सरकारच्या नोकरीत जमिनीच्या नोंदींमध्ये बुडालेला आहे. खसरा, नकाशा, नामांतरण हे माझं रोजचं पारायण. त्यामुळे कार्यवाहांनी विषय विचारला आणि मी 'इंग्लंडमधल्या खेड्यांची नावं' असं सांगितलं, तेव्हा ते क्षणभर गप्पच झाले. मग म्हणाले, "अहो, इंदूरच्या आसपासची खेडी संपली का?" संपलेली नाहीत. शेवटी मी तिथेच येणार आहे. पण थोडं लांबून.

सुरुवात अशी झाली. माझा भाचा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये लेस्टरशायर या परगण्यात राहतो. त्याने एकदा गावाच्या पाटीचा फोटो पाठवला. पाटीवर लिहिलं होतं 'ब्रीडन ऑन द हिल'. खाली त्याने विचारलं होतं, "मामा, तू गावांच्या नावांत काम करतोस ना? मग सांग, ब्रीडन म्हणजे काय?" मला सांगता येईना. घरच्या पोरासमोर हरायचं नाही म्हणून शोधायला बसलो, आणि त्यात मला गोडी लागली.

उत्तर गमतीचं निघालं. इंग्रज तिथे येण्याआधी त्या देशात ब्रिटन लोक राहत. आजची वेल्श भाषा ही त्यांच्या भाषेची लेक. त्यांच्या बोलीत टेकडीला 'ब्रे' म्हणत. पुढे पाचव्या-सहाव्या शतकात समुद्रापलीकडून अँग्लो-सॅक्सन आले. त्यांनी लोकांना विचारलं असेल, "हे काय?" लोक म्हणाले, "ब्रे." यांना वाटलं, टेकडीचं नावच ब्रे आहे. म्हणून त्यांनी त्याला आपला टेकडीवाचक शब्द जोडला, 'डून'. झालं ब्रीडन. इ.स. ७३१मध्ये बीड नावाच्या विद्वान भिक्षूने लिहिलेल्या इतिहासात हे नाव 'ब्रिउडुन' असं येतं. पुढे 'डून'चाही अर्थ लोक विसरले आणि 'ऑन द हिल' जोडलं. म्हणजे पूर्ण नावाचा अर्थ झाला, 'टेकडीवरचं टेकडी-टेकडी'! तीन पिढ्यांचे लोक तिथे राहिले आणि प्रत्येकाने आपापल्या भाषेत एकच गोष्ट सांगितली. आज त्या टेकडीचा मोठा भाग दगडाच्या खाणीने खाल्ला आहे. नावात मात्र टेकडी अजून दोनदा नाही, तीनदा उभी आहे.

मग लक्षात आलं की तिकडच्या नावांनाही आपल्यासारख्याच शेपट्या असतात. आपल्याकडे गाव, वाडी, पूर, खेडा. तिकडे टन, हॅम, ली, बरी. 'टन' हा शब्द मूळचा 'टून', म्हणजे कुंपण घातलेली जागा, मग मळा, मग गाव. आपली 'वाडी'सुद्धा मूळची कुंपणाचीच. 'हॅम' म्हणजे घर, वस्ती. 'ली' म्हणजे जंगल तोडून केलेली मोकळी जागा. 'विक' बऱ्याचदा गुराढोरांचा, दूधदुभत्याचा मळा. चिझिक हे आज लंडनचं उपनगर. त्याचा अर्थ चीज बनवायचा मळा. भाचा गॅटविक विमानतळावर उतरला होता. त्याला मी कळवलं की तू ज्या भव्य विमानतळावर उतरलास, त्याचा अर्थ शेळ्यांचा गोठा.

बर्मिंगहॅम म्हणजे बिओर्मा नावाच्या माणसाच्या माणसांची वस्ती. यात मधला 'इंग' महत्त्वाचा. अमक्याची माणसं, तमक्याचं कूळ, हे तो दाखवतो. आपल्याकडे माणूस गावावरून ओळखला जातो. नीरेकाठच्या होळ गावचे म्हणून होळकर. तिकडे अनेकदा उलटं, गावच माणसावरून ओळखलं जातं. नॉरफकमध्ये ग्रेट स्नोअरिंग आणि लिटल स्नोअरिंग अशी दोन गावं आहेत. शब्दशः घेतलं तर 'मोठं घोरणं' आणि 'छोटं घोरणं'. पण तिथे कुणी घोरत नव्हतं. स्निअर नावाच्या कुणा पुरुषाच्या लोकांचं ते गाव. आपल्या महूचंही असंच झालं आहे. इंग्रजी स्पेलिंगची चार अक्षरं सुटी करून 'मिलिटरी हेडक्वार्टर ऑफ वॉर' असा त्याचा अर्थ लोक छातीठोक सांगतात. तो मागाहून चिकटवलेला आहे. जुनं नाव कळेनासं झालं की माणूस त्याला नवा अर्थ शिवून देतो, मग तो इंग्लंडचा असो की माळव्याचा.

आता भाच्याच्या परगण्याकडे वळू. तिथे ओडबी, ब्लॅबी, एंडरबी अशी 'बी'ने संपणारी गावं पावलोपावली. हा 'बी' डेन लोकांचा. नवव्या शतकात डेन्मार्ककडून हे लोक चाल करून आले, लढले, आणि मग नांगर धरून तिथेच राहिले. राजा आल्फ्रेड आणि त्यांचा पुढारी गुथ्रम यांच्यात तह झाला आणि हद्द ठरली. त्या हद्दीचा काही भाग वॉटलिंग स्ट्रीट या जुन्या रोमन रस्त्यावरून जात होता. नकाशावर 'बी'च्या गावांना टिंबं लावत गेलं तर त्या रस्त्याच्या एका अंगाला दाटी होते आणि दुसऱ्या अंगाला टिंबं विरळ होतात. तह करणारे गेले, त्यांची भाषाही गेली. पण हद्द गावांच्या शेपट्यांत राहिली. फ्रिझबी म्हणजे फ्रिझियन लोकांचं गाव. डर्बीला तर आधी इंग्रजांचं नॉर्थवर्दी हे नाव होतं. डेन आले आणि त्यांनी ते बदलून हरणांचं गाव केलं.

पण इथेच अडखळायला होतं. रग्बी हे गाव सगळ्यांना खेळामुळे माहीत आहे. शेवटी 'बी' आहे, म्हणजे डेन लोकांचं, असं मीही ठोकून दिलं. मग जुनं रूप पाहिलं. १०८६ सालच्या नोंदीत ते 'रोशबेरी' अशा धर्तीवर लिहिलं आहे, म्हणजे शेवट 'बरी'चा, तटबंदीचा. ह्रोका नावाच्या इंग्रजाची ती गढी. शेजारच्या गावांच्या संगतीने पुढे 'बरी'चं 'बी' झालं. यातून या शास्त्राचा पहिला नियम मी शिकलो. आजच्या नावावरून अर्थ लावायचा नाही. आधी सर्वांत जुनं लिखित रूप शोधायचं, मग शतकाशतकाची रूपं ओळीने मांडायची, मग गावात जाऊन टेकडी, ओढा, वळण पाहायचं, आणि गावचे लोक नाव कसं उच्चारतात ते ऐकायचं. चारही साक्षी जुळल्या तरच अर्थ पक्का.

मी आत्ता १०८६ सालचा उल्लेख केला. ही नोंद म्हणजे 'डूम्सडे बुक'. आमच्या खात्यातल्या माणसाने हात जोडावेत असं ते दप्तर आहे. फ्रान्सच्या नॉर्मंडीहून आलेल्या विल्यमने १०६६मध्ये इंग्लंड जिंकलं. १०८५च्या नाताळात ग्लॉस्टर इथे दरबार भरवून त्याने सगळ्या राज्याची पाहणी करायचं ठरवलं. गावोगावचा पाद्री, कारभारी आणि सहा गावकरी यांना शपथेवर विचारायचं. जमीन किती, नांगर किती, गिरण्या किती, आधी कुणाची होती, आता कुणाची. आणि सगळ्यांत पहिला प्रश्न काय, तर गावाचं नाव काय. अशा १३,०००हून अधिक ठिकाणांची नावं त्यात आली. अनेक खेड्यांचं नाव कागदावर पहिल्यांदा चढलं ते तेव्हाच.

सारा हाइडवर ठरे. एक हाइड म्हणजे एका कुटुंबाच्या पोटापुरती जमीन, ढोबळमानाने १२० एकर. या हाइडवरूनही गावांना नावं पडली. फायफील्ड हे नाव ऐकून वाटतं की काहीतरी शेताबद्दल असेल. प्रत्यक्षात ते 'फिफ-हाइड', पाच हाइडांचं गाव. डॉर्सेटमध्ये पिडल नदीवर पिडलट्रेंथाइड नावाचं खेडं आहे. पिडलकाठचं तीस हाइडांचं, आणि हे 'तीस' फ्रेंच भाषेतलं. म्हणजे नदीचं नाव गावकऱ्यांचं, आकडा सरकारी भाषेतला! साऱ्याचा आकडाच गावाचं नाव होऊन बसला.

सरकारी भाषेची आणखी एक खूण सांगतो. भाच्याच्या परगण्यात ॲश्बी मॅग्ना आणि ॲश्बी पार्वा आहेत, विग्स्टन मॅग्ना आणि विग्स्टन पार्वा आहेत. मॅग्ना म्हणजे मोठं, पार्वा म्हणजे लहान, दोन्ही लॅटिन. खेडूत काही लॅटिन बोलत नव्हते. दप्तर लॅटिनमध्ये होतं आणि कारकुनाला एका नावाची दोन गावं वेगळी ओळखायची होती. आता आपल्याकडे पाहा. महाराष्ट्रात बुद्रुक आणि खुर्द, इथे मध्य प्रदेशात कलां आणि खुर्द. आपला शेतकरी तरी कुठे फारसी बोलत होता? वडगाव त्याचं, बुद्रुक दप्तराचं. हजारो मैलांवरच्या दोन मुलखांत दोन परक्या दप्तरी भाषांनी अगदी एकच काम केलं, हे वाचलं त्या रात्री मला आनंदाने झोप आली नाही.

आता विषयाच्या गाभ्याशी येतो. डूम्सडेचे कारकून लॅटिन लिहिणारे, नॉर्मन राजवटीतले. गावकरी इंग्रजी बोलणारे. यांनी सांगायचं, त्यांनी ऐकायचं आणि जमेल तसं लिहायचं. नॉटिंगहॅमचं उदाहरण घ्या. मूळ नाव 'स्नोटेंगाहॅम', म्हणजे स्नॉट नावाच्या पुरुषाच्या माणसांची वस्ती. डूम्सडेमध्येही सुरुवातीचा 'स' आहे. पण 'स्न' अशी सुरुवात फ्रेंच बोलणाऱ्यांच्या जिभेला जड. पुढच्या काळात तो 'स' गळला तो कायमचाच. त्याच स्नॉटच्या माणसांचं दुसरं खेडं शेजारीच आहे, स्नेंटन. डूम्सडेच्या कारकुनाने त्याचा 'स' खाऊन 'नोटिंटोन' लिहिलं. आज मात्र स्नेंटनचा 'स' शाबूत आहे. शहर मोठं, साहेबांची वर्दळ जास्त, तिथे साहेबी उच्चार टिकला. खेड्याकडे साहेब फारसा फिरकला नाही, म्हणून खेड्याने आपलं अक्षर राखलं.

केंब्रिजचंही तसंच. मूळ ग्रँटा नदीवरचा पूल, म्हणून 'ग्रँटाब्रिज'. नॉर्मन तोंडात त्याचं 'कँटब्रिज' आणि पुढे 'केंब्रिज' झालं. मग लोकांना वाटलं की केंब्रिज आहे तर नदी 'कॅम' असणार. आणि नदीचं नावच बदललं! लिहिणाऱ्याच्या जिभेने नदीला नवं नाव दिलं.

गावकऱ्यांनीही उसनं फेडलं, बरं का. लेस्टरशायरमध्येच नॉर्मनांनी एका डोंगरावर गढी बांधली आणि तिला आपल्या भाषेत 'सुंदर देखावा' अशा अर्थाचं नाव दिलं, 'बेलव्हॉर'. आजही लिहितात तसंच. पण लोक म्हणतात 'बीव्हर'. कारकुनाने त्यांची नावं मोडली, त्यांनी साहेबाचं नाव मोडलं.

आपण या मंडपात बसून हे हसत हसत ऐकतो आहोत. पण आपल्यातले किती काळे इथल्या शाळेच्या दाखल्यावर 'काले' झाले? किती गोखले सुखरूप राहिले आणि किती कुळकर्णी 'कुलकर्णी' झाले? हिंदीत ळ नाही. त्यात कुणाचा दुष्टावा नाही. ज्या होळकरांनी हे शहर घडवलं त्यांचं नावही शहरभर पाट्यांवर 'होलकर' असंच आहे. नॉटिंगहॅमचा 'स' गेला तसाच हा ळ गेला.

इथपर्यंत सगळं मौजेचं आहे. आता जे सांगणार आहे ते मी आजवर चारचौघांत बोललेलो नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे जुन्या वह्यांवरून गावांची नावं संगणकात भरायचं काम चालू होतं. वहीतलं नाव, टाइप झालेलं नाव, दोन्ही ताडून पाहायचं आणि सही करायची, हे काम माझ्याकडे होतं. माळव्यात पिपल्या, पिपलिया, पिपल्दा अशी नावं किती आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. तशाच धर्तीची दोन गावं एका तहसिलीत होती. नाव सांगत नाही. एकाच्या शेवटच्या अक्षराला जे हवं होतं ते पडलं नाही, आणि ते दुसऱ्या गावासारखं दिसू लागलं. त्या दिवशी मी शेकड्याने नावं तपासली होती. त्यावर सही करून मोकळा झालो.

दोन वर्षांनी एक म्हातारी बाई यायला लागली. नवरा वारलेला. जमिनीवर नाव चढवायचं होतं. तिच्या हातातल्या जुन्या ऋण पुस्तिकेत गावाचं नाव एक, संगणकाच्या कागदावर दुसरं. प्रत्येक टेबलावर तिला सांगितलं जाई, "ही जमीन या गावची नाही." ती सात वेळा आली. तिचं एक वाक्य माझ्या कानात राहिलं आहे. ती म्हणाली, "साहेब, गाव जागेवरच आहे. तुमच्या कागदातलं हललंय."

मी जुने गठ्ठे काढले आणि तपासणीची यादी सापडली. त्यावर सही माझीच होती.

दुरुस्तीला अकरा महिने लागले. प्रस्ताव, पंचनामा, वरच्या कार्यालयाची मंजुरी. काम झालं तेव्हा ती बाई पिशवीभर सीताफळं घेऊन आली आणि मला आशीर्वाद देऊन गेली. मी उपकार केले असं तिला वाटत होतं. चूक माझी होती हे मी तिला सांगितलं नाही. सीताफळं घरी आणली. मुलांनी खाल्ली. मला एक खाववलं नाही.

त्यानंतर भाच्याचा तो फोटो आला आणि मी ही पुस्तकं वाचायला लागलो. म्हणून मला डूम्सडेच्या कारकुनाकडे नुसतं हसून पाहता येत नाही. नऊशे वर्षांनी त्याची चूक अभ्यासकांचा ठेवा झाली आहे. पण ज्या दिवशी ती झाली त्या दिवशी तिथेही कुणी शेतकरी असेल. त्याचं काय झालं, ते दप्तरात लिहिलेलं नाही.

मग यावर उपाय काय? तोही मला तिकडेच सापडला. इंग्लंडचं सर्वेक्षण खातं, ऑर्डनन्स सर्व्हे, १७९१मध्ये सुरू झालं. एकोणिसाव्या शतकात त्यांचे मोजणीदार गावोगाव जाताना 'नेम बुक' म्हणजे नावांची वही ठेवत. त्या वहीत रकाने असत. एकात नकाशावर घ्यायचं नाव. दुसऱ्यात त्याच नावाची जी जी रूपं आढळली ती सगळी. तिसऱ्यात ते रूप कुणाच्या सांगण्यावरून घेतलं, म्हणजे जमीनमालक, पाद्री, की जुना दस्त. एक रूप निवडायचं, पण बाकीची फेकायची नाहीत, आणि सांगणारा कोण तेही लिहायचं. इंग्लंडमधल्या बहुतेक वह्या दुसऱ्या महायुद्धात साउथॅम्प्टनवर बॉम्ब पडले तेव्हा जळाल्या. दप्तर एकाच ठिकाणी असलं की काय होतं, हाही एक धडा.

नावांचा पद्धतशीर अभ्यास करायला तिथे १९२३मध्ये इंग्लिश प्लेस-नेम सोसायटी स्थापन झाली. ॲलन मॉअर आणि फ्रँक स्टेंटन यांनी परगण्यावार खंड काढायला सुरुवात केली. जुने दस्त, करवसुलीच्या याद्या, खरेदीखतं वाचून प्रत्येक गावाची, पुढे शेतांचीसुद्धा नावं तारखेनिशी मांडली. आयलर्ट एकवाल या स्वीडिश प्राध्यापकाने १९३६मध्ये त्यांचा कोश केला. शंभर वर्षं झाली, काम अजून चालू आहे. मार्गारेट गेलिंग या बाईंनी १९८४च्या पुस्तकात दाखवून दिलं की टेकडीसाठी त्या जुन्या शेतकऱ्यांकडे अनेक शब्द होते, आणि प्रत्येक शब्द वेगळ्या आकाराच्या टेकडीसाठी होता. आपण डोंगर, टेकडी, माळ, पठार, खिंड म्हणतो तसंच. नावं ठेवणारे अडाणी नव्हते. ते जमीन नीट पाहत होते. नीट पाहिलं नाही ते लिहिणाऱ्यांनी.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली माझ्यासारख्या नोकरीतल्या लोकांना. संगणकात नावाला एकच रकाना असतो. त्याशेजारी आणखी एक असावा, 'जुनी व इतर रूपं'. मी तसा प्रस्ताव लिहून दिला आहे. उत्तर आलेलं नाही, आलं तर पुढच्या वर्षी सांगेन. आणि तोवर जुनी वही रद्दीत घालू नका. त्या बाईची जमीन संगणकाने राखली नाही, गठ्ठ्यातल्या पिवळ्या पानाने राखली.

दुसरी विनंती तुम्हा सर्वांना. आपले पूर्वज होळकरांबरोबर, कुणी नंतर, दक्षिणेतून इकडे आले. घरात अजून एखादी आजी असेल जी मूळ गावाचं नाव तिच्या आजीसारखं उच्चारते. पुढच्या पिढीला ते नाव फक्त आधार कार्डावरून माहीत असेल. आज घरी गेल्यावर तिला विचारा, आणि ती म्हणेल तसंच लिहून ठेवा. शुद्धलेखन सुधारू नका. खाली तारीख घाला, आणि सांगणारीचं नाव लिहा. सर्वेक्षण खात्याचा तिसरा रकाना तेवढाच आहे.

ती बाई अजून आहे असं ऐकतो. या दिवाळीत सुटी मिळाली की तिच्या गावी जाणार आहे. तिला सांगायचं राहिलेलं सांगेन.